मेंदूचं वय आणि सुताची गुंडी

पडद्यावर धडाविना नुसतं एक डोकं तरंगत येतं. डोळ्यांवर चष्मा, चेहरा हसरा, बोलणं अदबीचं. ते एकामागून एक चाचण्या देतं. सोपी बेरीज-वजाबाकी झटपट करायची आणि उत्तर पडद्यावर काडीनं लिहायचं. मग निकाल येतो: तुमच्या मेंदूचं वय ८० वर्षं. खेळणारा असतो पस्तिशीतला. तो चरफडतो आणि दुसऱ्या दिवशी खेळाचा डबा पुन्हा उघडतो.

या खेळाचं नाव 'ब्रेन एज'. १९ मे २००५ रोजी तो जपानमध्ये विक्रीला आला, निन्टेंडो डीएस या हातात मावणाऱ्या, दोन पडद्यांच्या घडीच्या यंत्रासाठी. पडद्यावरचं डोकं सेंदाई शहरातल्या तोहोकू विद्यापीठाचे मेंदूसंशोधक र्‍युता कावाशिमा यांचं. प्रौढांसाठी त्यांनी काढलेली गणिताची सराववही जपानमध्ये तुफान खपली होती. व्हिडिओ गेम खेळणारे कमी होताहेत, या काळजीत असलेले निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांना कधीच गेम न खेळलेला माणूस गाठायचा होता. कावाशिमांचा भेटीसाठी मोकळा दिवस निघाला २ डिसेंबर २००४, म्हणजे नेमका डीएस जपानच्या दुकानांत येण्याचा. कंपनीचा सर्वांत धावपळीचा तो दिवस बाजूला ठेवून इवाता सेंदाईला गेले. नंतर नऊ जणांच्या चमूनं साधारण ९० दिवसांत खेळ तयार केला आणि जगभरात त्याच्या सुमारे १ कोटी ९० लाख प्रती खपल्या.

कावाशिमांचं म्हणणं थोडक्यात असं: साधी गणितं वेगानं सोडवताना किंवा मोठ्यानं वाचताना कपाळामागच्या मेंदूच्या भागाकडे रक्ताचा ओघ वाढतो. म्हणून गणित अवघड नको, घाई मात्र हवी. ही युक्ती विदर्भातल्या जुन्या पिढीला नवी वाटली नसती. दिवेलागणीला मोठ्यानं घोकलेली पावकी, निमकी, दिडकी, औटकी याच जातीची. खेळातली एक चाचणी मात्र आपल्या उजळणीत नव्हती. 'लाल' हा शब्द हिरव्या रंगात लिहिलेला दिसतो आणि शब्द न वाचता त्याचा रंग बोलायचा असतो. जीभ 'लाल' म्हणायला धावते, तिला आवरून 'हिरवा' म्हणावं लागतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये मांडलेला हा प्रयोग.

पण घाम आला म्हणजे ताकद वाढली असं नव्हे. तसंच रक्ताचा ओघ वाढला म्हणजे बुद्धी वाढली, असंही नव्हे.

मग मेंदूच्या खेळांनी खरंच काय होतं? २०१० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. बीबीसीच्या मदतीनं ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे व्यायाम केले. जे खेळले त्यात सगळे सुधारले. पण ज्याचा सराव केला नव्हता, अशा अगदी जवळच्या कामांतही फरक दिसला नाही. दुसरीकडे, जपानमध्ये कावाशिमांच्याच सहकाऱ्यांनी ज्येष्ठ नागरिकांच्या एका गटाला 'ब्रेन एज' आणि दुसऱ्याला 'टेट्रिस' चार आठवडे खेळायला दिलं. 'ब्रेन एज'वाल्यांचा विचाराचा वेग आणि कामाचं नियोजन सुधारल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं, पण अभ्यासातली माणसं होती अवघी तीसेक. २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं 'लुमॉसिटी' या मेंदूच्या खेळांच्या कंपनीवर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचा ठपका ठेवला आणि कंपनीनं २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

वादाची गाठ एकाच ठिकाणी आहे. खेळात आलेलं कौशल्य खेळाबाहेर कामी येतं का? किराणा दुकानात, शेताच्या बांधावर, औषधाची वेळ लक्षात ठेवताना?

वर्धा जिल्ह्यात ही गाठ पाचवीच्या मुलांच्या घरी रोज दिसते. सेलू काटे इथल्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश हवा तर जी परीक्षा द्यावी लागते, तिच्या ८० प्रश्नांपैकी ४० मानसिक क्षमतेचे असतात. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा सांगा, अर्धी आकृती पूर्ण करा. सरावसंच सोडवून सोडवून मुलं अशा आकृत्यांत तरबेज होतात. ओवेन यांच्या अभ्यासात दिसलं ते हेच. पुढचं, म्हणजे आकृत्यांत आलेली चलाखी भूमितीत किंवा सायकल दुरुस्तीत उतरते का, ते परीक्षा विचारत नाही.

याच जिल्ह्यात १९३७ मध्ये एका माणसानं ही गाठ दुसऱ्या टोकाकडून धरली. २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीनं तिथे ठरलेल्या 'नई तालीम'चा, म्हणजे कामातून शिक्षणाचा, अभ्यासक्रम आखला. रोजच्या साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटं हस्तोद्योगाला. गणित वेगळं शिकवून नंतर कामाला जोडायचं नाही, कामातूनच ते काढायचं.

ते कसं, हे सूतकताईच्या हिशेबात पाहता येतं. सूत गुंडाळायच्या फाळक्याचा एक वेढा ४ फुटांचा, त्याला म्हणायचं एक तार. १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. म्हणजे गुंडीत ६४० तार, २,५६० फूट सूत. आज किती तार झाले, गुंडीला किती कमी पडले, सुताचं वजन किती आणि त्यावरून ते किती बारीक उतरलं, हे सगळं कातणाऱ्या मुलाला स्वतःच्या सुतासाठी हवं असतं. उत्तर चुकलं तर पडद्यावरचं डोकं हसत नाही, गुंडीच कमी भरते. इथे कौशल्य एका जागेवरून दुसरीकडे न्यायचा प्रश्न फारसा उरत नाही, कारण ते शिकतानाच वापरात असतं.

म्हणून नई तालीम सरळ यशस्वी झाली असं नाही. स्वातंत्र्यानंतर बहुतेक राज्यांत ती कागदावरच राहिली आणि सूत कातायची टकली पालकांना मागासपणाची खूण वाटू लागली. सेवाग्रामची नई तालीमची शाळाही बंद पडली होती. ती 'आनंद निकेतन' या नावानं पुन्हा उघडली २००५ मध्ये. त्याच वर्षी जपानी दुकानांत कावाशिमांचं डोकं विकायला आलं होतं.

डबा आणि टकली, दोन्ही हाताशी नसतील, तर देवळालीच्या शाळेतले गणित शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचं कोडं आहे. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडा, मोठीतून लहान वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच अडकते. वर्ध्याच्या परिषदेचं साल घ्या: १९३७. ९७३१ वजा १३७९ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. दोन पायऱ्यांत काम झालं. 'ब्रेन एज' आणि 'आनंद निकेतन'चं २००५ हे साल मात्र सहज हाती लागत नाही. ५२०० वजा ००२५ अशी सुरुवात केली की त्याला पुरत्या सात पायऱ्या लागतात. उरलेल्या सहांसाठी कागद-पेन्सिल घ्यावी लागेल.