बाजार घसरतो तेव्हा निवृत्तीची पुंजी

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की वस्ती विरळ होऊ लागते आणि भनपुरीची औद्योगिक वसाहत सुरू होते. लोखंडाच्या रोलिंग मिल, लहानमोठे कारखाने, मालमोटारींच्या रांगा. पुढे उरला आणि सिलतरा. या परिसरात तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून माणूस निवृत्त होतो, तेव्हा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांची रक्कम त्याच्या हाती एकदम येते. आयुष्यात एवढी मोठी रक्कम त्याने एकरकमी पूर्वी कधी पाहिलेली नसते आणि पुढेही ती पुन्हा मिळणार नसते.

रायपुरात मराठी कुटुंबे भोसल्यांच्या अमलापासून आहेत. तात्यापारा हे नावच त्याची साक्ष देते. या कुटुंबांतील जी मंडळी सरकारी सेवेत गेली त्यांना निवृत्तिवेतनाचा भरवसा होता. छत्तीसगढ शासनाने तर २०२२ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना पुन्हा लागू केली. खासगी कारखान्यातील फोरमनची गोष्ट निराळी. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ नुसार निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले जाते. २०१४ मध्ये ठरलेली १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरली, तर तीस वर्षांच्या सेवेनंतरही बहुतेकांचे निवृत्तिवेतन दरमहा सहा-सात हजारांपलीकडे जात नाही. २०१४ पूर्वीच्या सेवेसाठी मर्यादा ६,५०० रुपयांचीच असल्याने जुन्या कामगाराच्या पदरी त्याहूनही कमी पडते. घर चालायचे ते मुख्यत्वे त्या एकरकमी पुंजीवर.

ही पुंजी शेअर बाजारात असताना बाजार कोसळला तर काय होते, हे २००८ सालाने दाखवून दिले. २००७ च्या अखेरीस मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक २०,२८७ वर होता. २१ जानेवारी २००८ या एकाच दिवशी तो १,४०८ अंकांनी घसरला आणि वर्ष सरताना ९,६४७ वर आला. पुढे २००९ च्या अखेरीस १७,४६५ आणि २०१० च्या अखेरीस २०,५०९ अशी त्याची वाटचाल झाली. म्हणजे तीन वर्षांत बाजार मूळ पदावर आला. ‘थांबला तो वाचला’ असे त्या काळी पुष्कळांनी सांगितले. नोकरीत असलेल्यांच्या बाबतीत ते खरेही होते. दरमहा थोडी थोडी गुंतवणूक करणाऱ्यास तर पडत्या भावात अधिक युनिटे मिळाली.

निवृत्ताचा हिशेब मात्र वेगळा असतो, कारण त्याला थांबता येत नाही. किराणा, औषधे आणि विजेचे बिल निर्देशांकाची वाट पाहत नाहीत. समजा, एखाद्याने २००८ च्या आरंभी २० लाख रुपये निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या फंडात ठेवले आणि घरखर्चासाठी दर वर्षाच्या सुरुवातीस दीड लाख काढले. लाभांश बाजूला ठेवून आकडेमोड केली, तर पहिल्या वर्षाच्या अखेरीस त्याच्याकडे ८ लाख ८० हजार उरतात आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस सुमारे १३ लाख ७५ हजार. बाजार पूर्ववत झाला, पण त्याची पुंजी झाली नाही. कारण पडत्या भावात विकलेली युनिटे वर चढताना त्याच्याजवळ नव्हतीच.

दुसऱ्याने त्याच दिवशी तीन वर्षांच्या खर्चाचे साडेचार लाख बँकेत वेगळे काढले आणि उरलेल्या साडेपंधरा लाखांना हात लावला नाही, असे समजू. व्याजाचा एक पैसाही न धरता २०१० च्या अखेरीस त्याच्याकडे १५ लाख ६७ हजार राहतात. खर्च दोघांचा सारखाच, बाजारही तोच. फरक एक लाख ९२ हजारांचा, म्हणजे घराच्या पंधरा महिन्यांच्या खर्चाचा.

तिसऱ्याचाही हिशेब मांडला पाहिजे, कारण शाखेच्या काउंटरवर तोच अधिक वेळा भेटतो. २००८ च्या अखेरीस घाबरून त्याने सारे विकले आणि ८ लाख ८० हजार घेऊन तो मुदत ठेवीकडे वळला. आठ टक्के व्याज धरले तरी दोन वर्षांनी त्याच्याजवळ सात लाखांच्या आतच उरतात.

तीन वर्षांच्या खर्चाची तरतूद पुरेल का, याचे उत्तर इतिहास एकसारखे देत नाही. २३ मार्च २०२० रोजी निर्देशांक ३,९३४ अंकांनी पडून २५,९८१ वर आला आणि त्याच नोव्हेंबरात त्याने जानेवारीची पातळी ओलांडली. याउलट जपानच्या निक्केई निर्देशांकाने १९८९ च्या अखेरीस गाठलेले शिखर पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. म्हणून तीनऐवजी पाच वर्षांचा खर्च बाजाराबाहेर असणे अधिक सुरक्षित. उरलेल्या रकमेतील काही भाग बाजारात ठेवण्यास हरकत नाही, किंबहुना तो असावा. साठीनंतरची वीस-पंचवीस वर्षे महागाई स्वस्थ बसत नाही.

भनपुरीसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. २००८ च्या उत्तरार्धात शेअर पडले तसे पोलादाचे भावही पडले. ज्याची रोजी लोखंडावर, त्याने बचतही पोलाद कंपन्यांच्या शेअरमध्ये घातली तर मंदीत पगार आणि पुंजी एकाच वेळी अडचणीत येतात. ‘आपल्याला या धंद्यातले कळते’ हा विश्वास येथे उपयोगी पडत नाही.

भविष्य निर्वाह निधीविषयी मात्र बाजार पडताच उठणाऱ्या अफवांवर विसंबू नये. संघटनेने ऑगस्ट २०१५ पासून निधीचा काही हिस्सा शेअर बाजाराशी निगडित फंडांत गुंतवण्यास आरंभ केला हे खरे. परंतु सभासदाच्या खात्यात जमा होते ते जाहीर झालेले वार्षिक व्याज. २००८-०९ या पडत्या वर्षातही ते ८.५ टक्के होते.

बाजाराबाहेरच्या रकमेसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना सोयीची आहे. ती २००४ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा ३० लाख रुपये झाली आणि व्याजदर ८.२ टक्के. या दराने दहा लाखांवर दर तिमाहीस २०,५०० रुपये हाती येतात. नव्या खात्यांसाठी दर बदलू शकतो, परंतु खाते उघडतानाचा दर पाच वर्षे कायम राहतो. पंचावन्न वर्षांनंतर निवृत्त झालेल्यांसही साठीपूर्वी हे खाते उघडता येते. त्यासाठी निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांची मुदत आहे, आणि ती लग्नकार्याच्या नाहीतर घरबांधणीच्या गडबडीत सहज निघून जाते.

ही व्यवस्था निवृत्तीच्या दिवशी करायची नसते. ज्यांची बचत म्युच्युअल फंडांत आहे त्यांनी पंचावन्नाव्या वर्षापासून, बाजार तेजीत असताना, दरवर्षी एकेका वर्षाचा खर्च बाहेर काढून ठेवावा. तेजीत विकणे जिवावर येते, हे खरेच आहे. या बाजूला काढलेल्या ठेवी पतीपत्नीच्या संयुक्त नावे असाव्यात, त्यांवर नामनिर्देशन असावे आणि कोणती पावती कोणत्या वर्षाच्या खर्चाची हे पावतीसोबतच्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे. म्हणजे बाजार पडलेला असताना एकट्या पत्नीला शाखेत यावे लागले, तरी कोणती ठेव मोडायची हे तिला कोणाला विचारावे लागणार नाही.