घरातील बिनतारी इंटरनेट जोडणीची अस्थिरता : डहाणू व तलासरी तालुक्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील डहाणू व तलासरी या दोन्ही तालुक्यांतून मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग जातो आणि किनाऱ्यालगत पश्चिम रेल्वे धावते. नकाशावर पाहणाऱ्यास हा प्रदेश दळणवळणाच्या दृष्टीने सुस्थितीत वाटेल. तथापि महामार्ग सोडून पाड्यांकडे वळले की मोबाईलवरील कांड्या कमी होऊ लागतात, हा येथील नित्याचा अनुभव आहे. ज्या घरांत फायबरची जोडणी पोहोचली आहे तेथेही ‘नेट येते-जाते’ ही तक्रार ऐकू येतेच.

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि घर हाच वर्ग झाला. पुढे वर्ग पूर्ववत भरू लागले, परंतु बरीचशी कामे घरावरच राहिली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर भरावा लागतो. प्रवेशाचे व परीक्षेचे अर्ज, प्राध्यापकांचे ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रम, दूरस्थ उद्बोधन वर्ग हे सर्व स्थिर जोडणी गृहीत धरूनच आखलेले आहे. घराण्यात प्रथमच महाविद्यालयात आलेल्या आदिवासी विद्यार्थ्याचा अर्ज शेवटच्या दिवशी अर्ध्यावर तुटला, तर त्याचे वर्षभराचे अर्थसाहाय्य धोक्यात येते. अशा वेळी ‘नेट नव्हते’ हे त्याचे उत्तर सबब मानले जाण्याचाच संभव अधिक. ते उत्तर केव्हा खरे असते आणि नेमके कोणते ‘नेट’ नसते, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोष घरात की घराबाहेर?

सामान्यतः ‘वाय-फाय’ आणि ‘इंटरनेट’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः हे दोन वेगळे टप्पे होत. सेवादात्याकडून घरातील राउटरपर्यंत येणारी जोडणी हा पहिला टप्पा. ती तारेने, फायबरने किंवा मोबाईल टॉवरवरून येते. राउटरपासून संगणकापर्यंतची बिनतारी जोडणी हा दुसरा. पहिला टप्पा बिघडला असता राउटर हलवून काही साधत नाही आणि दुसरा बिघडला असता सेवादात्याकडे तक्रार करून उपयोग होत नाही. बहुसंख्य ग्राहक या दोहोंत फरक न करता थेट अधिक वेगाची, अर्थात अधिक किमतीची योजना घेतात. हा खर्च बहुधा वाया जातो. व्याख्यानाच्या चित्रफितीस सेकंदाला दोन ते चार मेगाबिट पुरतात, अर्ज भरण्यास त्याहूनही कमी लागतात. उणीव असते ती सातत्याची, वेगाची नव्हे.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. संगणक तारेने थेट राउटरला जोडून पाहावा. तारेवर काम सुरळीत चालते आणि वाय-फायवर अडखळते, तर दोष घरातच आहे. तारेवरही अडखळत असेल तर दोष बाहेर आहे. तार उपलब्ध नसल्यास संगणकावरील ‘पिंग’ ही आज्ञा कामी येते. प्रथम राउटरचा अंतर्गत पत्ता, जो पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा असतो, आणि नंतर बाहेरचे एखादे संकेतस्थळ पिंग करावे. राउटरकडूनच उत्तर उशिरा येत असेल किंवा अधूनमधून येतच नसेल, तर सेवादात्यास दोष देण्याचे कारण नाही. ही चाचणी एकदाच करून निष्कर्ष काढू नये. सकाळी, रात्री नऊच्या सुमारास व मध्यरात्रीनंतर, अशी ती तीन वेळा करावी. केवळ रात्री नऊलाच वेग ढासळत असेल तर एकाच टॉवरची क्षमता त्या वेळी अनेकांत वाटली जात आहे, असा त्याचा अर्थ होतो. त्यावर घरगुती इलाज नाही. अर्ज पहाटे भरावा, एवढेच.

भिंती, पत्रा आणि लोखंडी कपाट

घरातील बहुतेक राउटर २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत काम करतात. पहिल्या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्यातील पाच ते सहा सेंटिमीटर असते. लांब लहर अडथळ्यातून अधिक सहजतेने पार होते. आखूड लहर वेग अधिक देते, परंतु भिंतीपाशी लवकर क्षीण होते. त्यामुळे राउटरच्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झ आणि दोन भिंतींपलीकडे २.४ गिगाहर्ट्झ, हा व्यवहार्य नियम होय. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १, ६ व ११ हे तीनच मार्ग परस्परांत मिसळत नाहीत. डहाणू शहरातील एखाद्या इमारतीत सर्व शेजारी एकाच मार्गावर असतील तर राउटरच्या मांडणीत जाऊन तो बदलणे, हा विनामूल्य उपाय आहे.

या तालुक्यांतील घरबांधणीचे वैविध्य येथे महत्त्वाचे ठरते. कारवीच्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंतींतून लहरी फारशा अडत नाहीत. विटांची भिंत शक्तीचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग शोषते. सळयांच्या काँक्रीटचा स्लॅब त्याहून कितीतरी अधिक. पत्र्याचे छप्पर तर लहरी परावर्तितच करते. म्हणून कुडाच्या घरातील अडचण भिंतींची नसून वरच्या पत्र्याची असते. टॉवरवरून येणारी मोबाईलची लहर पत्र्याखाली क्षीण होते आणि माणूस फोन घेऊन अंगणात येतो. अशा घरात मोबाईलवर चालणारा राउटर खिडकीत किंवा पडवीत, पत्र्याच्या कडेबाहेर ठेवल्यास फरक दिसतो.

राउटर बहुधा केबल जेथून घरात शिरते तेथेच, दूरदर्शन संचामागे, लोखंडी कपाटावर किंवा जमिनीलगत ठेवलेला आढळतो. लोखंड, आरसा व पाण्याची टाकी हे तिन्ही लहरींचे शत्रू होत. राउटर घराच्या मध्यभागी, माणसाच्या डोक्याहून उंच व उघड्या जागी असावा. उभ्या अँटेनाची शक्ती प्रामुख्याने आडव्या दिशेने पसरते. माडीवर जोडणी हवी असल्यास एक अँटेना आडवी करावी. परिणाम मोजण्यासाठी मोबाईलवरील मोफत ॲप पुरेसे आहे. त्यातील उणे ५० डेसिबल-मिलिवॅट हा आकडा उत्तम, उणे ६७ कामापुरता आणि उणे ८० जवळपास निरुपयोगी समजावा. हे माप लघुगणकीय असल्याने उणे ५० व उणे ८० यांत शक्तीचा फरक हजारपट पडतो, ही गोष्ट केवळ कांड्या मोजणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

घर मोठे असल्यास बाजारात मिळणारा रिपीटर पुष्कळ जण घेतात. साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो व बोलतो, म्हणून वेग सुमारे निम्मा होतो. त्याऐवजी दुसऱ्या खोलीपर्यंत तार नेऊन तेथे दुसरा राउटर बसविणे श्रेयस्कर. अशी तार शंभर मीटरपर्यंत चालते. मात्र वाडीतून उघड्यावर तांब्याची तार नेऊ नये, विजेच्या कडकडाटात दोन्ही टोकांची उपकरणे जळण्याचा धोका असतो.

पाऊस आणि वीज

‘पावसात नेट जाते’ हे विधान अनुभवाला धरून असले तरी कारणमीमांसा म्हणून चुकीचे आहे. १० गिगाहर्ट्झच्या खालील लहरी पावसाच्या थेंबांनी फारशा क्षीण होत नाहीत, आणि वाय-फाय व फोर-जी दोन्ही याच मर्यादेत येतात. पावसाळ्यात बिघडते ते इतर काही. ओली पाने लहरी शोषतात. डहाणू-घोलवडचा चिकू, ज्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हा सदाहरित व दाट पर्णसंभाराचा वृक्ष असल्याने वाडीतील घराला हा अडथळा बारमाही असतो, पावसात तो वाढतो. खांबांवरून आलेली फायबर झाड पडल्याने तुटते. जोडावर पाणी शिरते.

सर्वांत मोठे कारण मात्र वीज हेच. दिवा अर्धा क्षण मिचकावला तरी राउटर बंद पडून पुन्हा सुरू होण्यास दोन-तीन मिनिटे घेतो. तेवढ्यात संकेतस्थळावरील सत्र संपू शकते आणि विद्यार्थ्यास पुन्हा पहिल्यापासून प्रवेश करून, मोबाईलवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाची वाट पाहावी लागते. यावरचा उपाय वेगाच्या योजनेपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो. फायबरच्या पेटीसह एकूण वापर सुमारे १२ वॅट धरला, तर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीतील साठ टक्के ऊर्जा वापरूनही चार तास निघतात. अर्थात गावातील वितरणपेटीस किंवा टॉवरला स्वतःचा पर्यायी पुरवठा नसेल, तर घरची बॅटरी व्यर्थ होय.

सीमेवरील टॉवर

तलासरीच्या उत्तरेस गुजरात व पूर्वेस दादरा-नगर हवेली आहे. झाई किंवा आच्छाडसारख्या सीमेलगतच्या गावांत फोनला दोन्ही बाजूंचे टॉवर दिसू शकतात. जवळपास सारख्या शक्तीचे दोन टॉवर असले की कांड्या भरलेल्या दिसतात, परंतु एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळून संभाषण अस्पष्ट होते. शिवाय फोन या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत राहतो. अशा ठिकाणी एकाच टॉवरकडे रोखलेली दिशात्मक बाह्य अँटेना लावणे किंवा घराच्या ज्या बाजूस दुसरा टॉवर भिंतीआड जातो तेथे राउटर ठेवणे इष्ट. बाजारातील ‘सिग्नल बूस्टर’ मात्र घेऊ नयेत. परवान्याविना ते बसविणे बेकायदेशीर आहे आणि त्यांच्या गोंगाटाने शेजारच्या घरांची जोडणी बिघडते.

पंचायतीपासून पाड्यापर्यंत

२०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे ‘भारतनेट’ नाव मिळालेल्या योजनेचे मूळ उद्दिष्ट ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेणे हे होते. येथील एका ग्रामपंचायतीत मात्र अनेक विखुरलेले पाडे असतात. हे शेवटचे अंतर कसे ओलांडावे, याचा प्रयोग याच जिल्ह्यात झाला आहे. आय.आय.टी. मुंबईतील प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखालील ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघर तालुक्यातील खामलोली व परिसरातील गावांत दूरचित्रवाणीच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील रिकाम्या मार्गांचा वापर करून पाहिला. या लहरी अर्ध्या मीटरहून लांब असल्याने झाडीतून दूरवर जातात. प्रकल्पास २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत सव्वा लाख डॉलरचे प्रथम पारितोषिक मिळाले. परंतु हा पट्टा प्रयोगापुरताच खुला झाला होता, सामान्य ग्राहकास तो वापरता येत नाही. प्रकल्पाच्या पुढील टप्प्यात ५.८ गिगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा वापरला गेला.

ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झचे पट्टे ठरावीक शक्तिमर्यादेत घराबाहेरही परवान्याविना वापरता येऊ लागले. त्यामुळे पंचायत कार्यालय व पाड्यावरील एखादी शाळा यांच्यात दोन अँटेनांचा बिनतारी दुवा उभारणे आज कायदेशीर व आवाक्यातील आहे. अट एकच : दोन्ही टोके एकमेकांस दिसली पाहिजेत. डहाणूच्या पूर्वेकडील जंगलपट्टीत ही पाहणी बहुधा उन्हाळ्यात, रस्ते कोरडे असताना होते. तेव्हा साग निष्पर्ण असतो आणि दुवा निर्वेध जुळतो. जुलैत सागाला मोठी पाने येतात, ती भिजतात आणि एप्रिलमध्ये उत्तम चालणारा दुवा मुका होतो. अँटेनेच्या खांबाची उंची म्हणूनच भर पावसाळ्यातील झाडीवरून ठरवावी आणि दुव्याची अंतिम चाचणी ऑगस्टमध्ये घ्यावी.