लोणारच्या तळ्यांतील गाळ

वैशाखांत आमच्या परभणी जिल्ह्यांतील काळीं रानें भेगाळूं लागतात. एखाद्या भेगेंत हात घातला तर तो कोपरापर्यंत आंत जातो. पऱ्हाट्या, पालापाचोळा, गवताचीं मुळें, सारें कांहीं त्या भेगांतून शिरणाऱ्या हवेनें आणि कृमिकीटकांनीं थोड्याच पावसाळ्यांत नाहींसें होतें. म्हणून हजार वर्षांपूर्वीं या रानांत कोणतीं झाडें उभीं होतीं, असें मातीस विचारलें तर ती गप्प राहते.

थंड देशांत याच्या उलट प्रकार आढळतो. हिमनद्यांनीं कोरलेल्या खोऱ्यांत बर्फ वितळल्यावर जीं सरोवरें उरलीं, त्यांच्या कांठीं पाणी बाराही महिने मुरून राहतें. तेथें स्फॅग्नम नांवाचें शेवाळ माजतें. तें स्पंजाप्रमाणें पाणी धरतें व भोंवतालचें पाणी आंबट करून टाकतें. त्या गार, आंबट पाण्यांत हवा पोंचत नाहीं आणि कुजविणाऱ्या जंतूंचें फारसें कांहीं चालत नाहीं. मेलेलें शेवाळ थरावर थर साचत जातें. या मऊ, तपकिरी मातीस पीट म्हणतात. तिचा थर वर्षास जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे पुरुषभर खणलें कीं आपण दीड-दोन हजार वर्षें मागें जातों. वाऱ्यानें येऊन पडलेले परागकण तींत जसेच्या तसे सांपडतात, आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीं मोजून कोणत्या काळीं कोणतें अरण्य होतें हें ठरवितां येतें. अशा दलदलींत मुळांस पोषण अपुरें मिळतें, म्हणून दवबिंदूसारख्या वनस्पती किडे धरून खातात. (दवबिंदू पाहण्यास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यांत ती पायांशीं उगवते.) पाणी उपसून काढलें कीं पीटमध्यें हवा शिरते, आणि हजारों वर्षांचा सांठा कांहीं वर्षांत विरून जातो. म्हणूनच पुष्कळ देशांनीं अशा जागा राखून ठेविल्या आहेत.

आमच्या मुलखांत पीट नाहीं. हिमनदी तर नाहींच. तथापि जिंतूरहून मंठ्यामार्गें बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारास गेलें असतां तशाच कामाचें एक तळें दिसतें. आकाशांतून पडलेल्या अशनीनें काळ्या पाषाणांत केलेली ही कढई सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे. तिचें वय एका रीतीनें ५२,००० वर्षें निघतें, तर दुसरीनें ५,७०,०००. विद्वानांचा हा वाद आम्ही त्यांजवरच सोंपवितों. तळ्याबाहेर पाणी जाण्यास वाट नाहीं. तें केवळ उन्हानें आटतें, त्यामुळें क्षार मागें राहून पाणी अतिशय खारट व अल्कधर्मी झालें आहे. तळाशीं प्राणवायु नसल्यानें, तेथें पडलेलें पान वा परागकण पीटमधल्याप्रमाणेंच टिकतो.

या तळाच्या गाळांतून भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं सुमारें १० मीटर लांबीचा नमुना नळीनें काढला. त्यांत सुमारें ११,००० वर्षांचा इतिहास थरांनीं लिहिलेला होता. झाडाच्या पानावरील मेण आणि उष्ण प्रदेशांतील गवतावरील मेण यांत रासायनिक फरक असतो, त्यावरून रान केव्हां दाट होतें व केव्हां विरळ झालें हें कळलें. कांहीं थरांत गेलुसाइट नांवाच्या क्षाराचे स्फटिक सांपडले. तळें फार आटलें म्हणजेच ते तयार होतात. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत निष्कर्ष असा दिला आहे कीं, येथील पावसाळा दोनदां दीर्घकाळ क्षीण झाला होता: एकदां सुमारें ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीं, आणि पुन्हां २,००० ते ६०० वर्षांपूर्वीं.

१९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या घरोघरीं वडीलधाऱ्यांनीं सांगितल्या आहेत. खडी फोडावयास गेलेले हात, ओस पडलेले गोठे, हें सारें दोन-तीन वर्षांच्या अवर्षणाचें फळ. येथें तर शतकांमागून शतकांची गोष्ट आहे. त्या काळांत पाऊस मुळींच पडला नाहीं असें नव्हे, पण त्याचा भरंवसा उरला नव्हता. ज्या जिल्ह्याची शेती आजही मृगाकडे डोळे लावून बसते, त्यास हें ठाऊक असणें अगत्याचें आहे, आणि तें सांगणारा साक्षीदार इतका जवळ दुसरा नाहीं.

लोणारचें तळें २००० सालीं अभयारण्य झालें आणि २०२० सालीं रामसर करारान्वयें जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादींत त्याची नोंद झाली. त्याच वर्षीं जून महिन्यांत पाणी घटून खारटपणा वाढला, मिठांत वाढणारे सूक्ष्म जीव फोफावले आणि सारें तळें गुलाबी दिसूं लागलें. लोक तो चमत्कार पाहण्यास धांवले. आमच्या मतें खरी काळजी निराळी आहे. गांवचें सांडपाणी तळ्यांत उतरतें तेव्हां खाऱ्या पाण्याचा गुण पालटतो. आणि परदेशांतून आलेली वेडी बाभूळ कांठावर माजून मूळच्या झाडांची जागा घेते. उद्यांच्या गाळांत मग तिचेच परागकण अधिक सांपडतील.

कढईच्या कडेवर धार नांवाचें गोडें पाणी बाराही महिने वाहतें. तेथून खालीं उतरतांना प्रथम साग व सीताफळ लागतात, पुढें बाभळी, आणि पाण्याशीं पांढुरक्या क्षाराची उघडी पट्टी. तेथें पाय चिखलांत रुतूं लागतो.