स्नानगृहातील दिवा : जागा, आवरण आणि प्रवाह

घरातील इतर खोल्यांत जो दिवा वर्षानुवर्षे निर्धोक जळतो, तोच स्नानगृहात प्राणघातक का ठरावा, हे समजून घ्यावयाचे तर दिव्याच्या आधी त्याच्याखाली उभ्या असलेल्या मनुष्याचा विचार केला पाहिजे. विजेला रोध करण्याचे शरीराचे सामर्थ्य मुख्यतः कोरड्या त्वचेत असते. त्वचा भिजली की ते झपाट्याने घटते आणि शरीराचा एकंदर रोध सुमारे १००० ओहमपर्यंत उतरू शकतो. पाय ओल्या फरशीवर, एक हात नळावर आणि दुसरा दिव्याच्या धातूच्या कड्यावर, अशा स्थितीत २३० व्होल्टचा दाब शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह ढकलतो. १० मिलिअँपिअरच्या पुढेच स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. ४०–५० मिलिअँपिअरचा प्रवाह एकदोन सेकंद टिकला तरी हृदयाचे नियमित आकुंचन मोडून ते नुसते थरथरू लागण्याचा संभव असतो.

अशा वेळी घरातील वितळतार किंवा एमसीबी आपले रक्षण करील, हा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. ६ अँपिअरच्या खटक्याच्या दृष्टीने २३० मिलिअँपिअर म्हणजे सुमारे ५३ वॉटचा भार. मनुष्य मरत असताना त्या खटक्याला एखादा साधा बल्ब लागल्याखेरीज अधिक काही जाणवत नाही. त्याचे काम तारा तापू न देणे हे आहे, माणूस वाचविणे हे नव्हे.

ते काम आरसीसीबी नावाचे उपकरण करते. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा त्यातील एका चुंबकीय कड्यातून जातात. गेलेला प्रवाह तितकाच परत येत असेल, तर दोहोंचे परिणाम परस्परांना छेदतात. काही अंश शरीरावाटे जमिनीत गेला, तर तोल बिघडतो आणि खटका पडतो. स्नानगृहासाठी ३० मिलिअँपिअरचे उपकरण घ्यावे. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची उपकरणे आगीपासून संरक्षणासाठी असतात, त्यांचा येथे उपयोग नाही. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वेळी धरणाऱ्यास मात्र ३० मिलिअँपिअरचे उपकरणही वाचवू शकत नाही.

दिवा कोठे लावावा, याचे उत्तर आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाच्या ६०३६४ या मानकाच्या ७-७०१ या भागात आहे. भारतीय मानक ब्यूरोची आय.एस. ७३२ ही तारजोडणीची संहिताही २०१९ च्या आवृत्तीत त्याच वळणाने लिहिली गेली. या मानकात स्नानगृहाचे विभाग पाडले आहेत. टबाचा अंतर्भाग हा शून्य विभाग. त्यावरील, जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग हा पहिला, आणि त्याच्या बाहेरील ६० सेंटिमीटरचा पट्टा हा दुसरा. टब नसून केवळ शॉवर असेल, तर पाण्याच्या तोटीपासून १.२० मीटरपर्यंतचा सर्व भाग पहिल्या विभागात येतो आणि दुसरा विभाग उरतच नाही. ही आखणी करताना बादली आणि तांब्या कोणाच्या डोळ्यांसमोर नसावा. तरीही भिंतीवरील नळ हेच केंद्र धरणे शहाणपणाचे.

आता आपल्याकडील स्नानगृह सव्वा मीटर रुंद आणि दोन मीटर लांब असते. तेथे अंतर राखण्यास जागाच नसते; राहते ती उंची. तीही पुष्कळदा नाहीशी होते, कारण स्नानगृहावर माळा काढण्याची आपली रीत आहे. माळ्याखाली जेमतेम २.१ मीटर उंची उरली, तर छताला लावलेला दिवाही पहिल्या विभागातच मोडतो. जुन्या मोरीचे नूतनीकरण करताना ही गोष्ट सहसा कोणी मोजत नाही.

अशा ठिकाणी निदान आयपी-एक्स४ प्रतीचे, म्हणजे सर्व दिशांनी उडणारे शिंतोडे सोसणारे, आवरण आवश्यक असते. आयपी ४४ मधील पहिला अंक घन वस्तूंच्या व धुळीच्या शिरकावाविषयी असतो, दुसरा पाण्याविषयी. भिंती नळीच्या फवाऱ्याने धुतल्या जात असतील, तर दुसरा अंक ५ हवा. दुकानात शोभिवंत म्हणून विकले जाणारे पुष्कळसे दिवे आयपी २० प्रतीचे असतात, आणि तेथे पाण्यापासून संरक्षण शून्य असते.

शून्य विभागात फक्त १२ व्होल्टपर्यंतचे, पृथक्करण करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारे दिवे चालतात. येथे एक सावधगिरी हवी. एलइडी पट्टी १२ व्होल्टची आहे एवढ्याने ती निर्धोक होत नाही. तिच्या ड्रायव्हरमध्ये मुख्य पुरवठा आणि पट्टी यांची पूर्ण फारकत आहे की नाही, हे पाहावे लागते.

जुन्या घरांत खरी अडचण तारजोडणीची असते. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसविलेले असेल, तर ते बंद केल्यावरही होल्डर जिवंतच राहतो आणि ओल्या हाताने बल्ब बदलणारा फसतो. दुसरी अडचण अशी की दोन खोल्यांसाठी एकच न्यूट्रल ओढलेली असते. अशा जोडणीवर आरसीसीबी बसविला की तो वारंवार पडतो. कारागीर त्याला दोष देऊन काढून टाकतात आणि घरमालकही सुटकेचा निःश्वास टाकतो. वास्तविक उपकरणाने जोडणीतील दोष दाखविलेला असतो. तो फरशा बसण्यापूर्वीच शोधावा, नंतर भिंत फोडावी लागते.

आरशासाठी एक दिवा वर लावण्यापेक्षा दोन बाजूंना दोन लावावेत, म्हणजे दाढी करताना हनुवटीखाली सावली पडत नाही. बटण दाराबाहेर असावे. आरसीसीबीवरील चाचणीची कळ महिन्यातून एकदा दाबून पाहावी. दाबूनही खटका पडला नाही, तर उपकरण त्याच दिवशी बदलावे.