ऑफिसचा कोड आणि आकाशाचा फोटो

सॉफ्टवेअरची नोकरी म्हणजे दिवसभर धडाधड कोडिंग, असं कॉलेजात असताना आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात नवा कोड लिहायला दिवसाकाठी दोन-तीन तास मिळाले तरी नशीब! बाकीचा वेळ दुसऱ्याचा कोड वाचण्यात, बग शोधण्यात आणि मीटिंगमध्ये जातो. त्यातून आपल्या वाट्याला येतो एका अवाढव्य सॉफ्टवेअरचा एवढासा तुकडा. तो पुढे कोण वापरतं, कुणास ठाऊक!

म्हणून मी सुट्टीच्या दिवशी एक मोबाइल अ‍ॅप करायला घेतलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत माझं. त्याचं काम एकच, रोज अवकाशाचा एक फोटो दाखवायचा.

फोटो आणायचा कुठून? रॉबर्ट नेमिरॉफ आणि जेरी बॉनेल या दोन खगोलशास्त्रज्ञांनी १६ जून १९९५ रोजी 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी पिक्चर ऑफ द डे' हा उपक्रम सुरू केला. दिवसाला एक चित्र आणि खाली जाणकाराने लिहिलेली माहिती. प्रोग्रॅमला हे चित्र मागता यावं म्हणून 'नासा'ने एपीआय दिलाय. एपीआय म्हणजे कँटीनची खिडकी समजा. आत भटारखान्यात काय चाललंय याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. कूपन द्यायचं, प्लेट घ्यायची. इथलं कूपन म्हणजे 'की', आणि ती फुकट मिळते.

एवढं सगळं दहा-बारा ओळींत होतं. खरी गंमत त्यानंतर सुरू होते.

पहिली गोष्ट वेळेची. ऑफिसात आमचा अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर रोज संध्याकाळी कॉल असतो. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं तासाने पुढे-मागे होतात आणि आमचा कॉलही सरकतो. अ‍ॅपचंही तेच! नवं चित्र येतं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेदहाला. आपण सकाळी सातला आजची तारीख पाठवली, तर तिकडे अजून 'काल'च चालू असतो आणि उत्तरात एरर येते. उपाय सोपा आहे. तारीख पाठवायचीच नाही. ते देतील ते ताजं चित्र घ्यायचं.

दुसरी गोष्ट रंगांची. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेले गरुड तेजोमेघातले धुळीचे खांब तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असतील. दुर्बिणीचा कॅमेरा मात्र रंगीत फोटो काढत नाही. वेगवेगळे फिल्टर लावून तो काळे-पांढरे फोटो घेतो आणि रंग नंतर भरले जातात. या चित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलाय. खरं तर हायड्रोजन आणि गंधक, दोघांचाही तो प्रकाश लालच! दोन्ही लाल ठेवले असते तर कोणता वायू कुठे आहे ते कळलंच नसतं. म्हणजे रंग खोटे नाहीत, तो एक नकाशा आहे. म्हणूनच माझ्या अ‍ॅपमध्ये फोटोखालची माहिती लपवता येत नाही.

तिसरी गोष्ट नावाची. 'नासा'चे स्वतःचे फोटो सहसा कॉपीराइटमुक्त असतात, पण या उपक्रमातले बरेच फोटो हौशी छायाचित्रकारांचे असतात. थंडीत रात्र रात्र जागून काढलेला फोटो बिननावाने दाखवणं म्हणजे सरळ चोरी. एपीआयच्या उत्तरात कॉपीराइटचं नाव आलं की माझं अ‍ॅप ते ठळक छापतं आणि त्या फोटोचं वॉलपेपर करू देत नाही.

ऑफिसात काही बिघडलं की दुसऱ्या टीमच्या नावावर तिकीट टाकता येतं. इथे सगळी तिकिटं माझ्याच नावावर! वेळ, अर्थ, श्रेय, सगळ्याची जबाबदारी एकट्याची. नोकरीतल्या तुकड्यातून हे शिकायला मिळत नाही.

तेव्हा फायनल इयरला तयार प्रोजेक्ट विकत आणण्याआधी एकदा विचार करा. आकाश फुकट आहे, की पण फुकट आहे. मेहनत तेवढी तुमची!