लेदनित्सा सरोवरातील राजबेट

पश्चिम पोलंडमध्ये पोझनानहून ग्निएझ्नोकडे जाताना वाटेत लेदनित्सा नावाचे लांबट सरोवर लागते. त्यातील ओस्त्रूव्ह लेदनित्स्की हे बेट जेमतेम साडेसात हेक्टरांचे आहे. मोसमात छोटी फेरीबोट प्रवाशांना पलीकडे पोहोचविते.

हजार वर्षांपूर्वी मात्र नावेची गरज नव्हती. बेटाला दोन्ही तीरांशी जोडणारे ओक लाकडाचे दोन पूल होते. पश्चिमेकडील पूल सुमारे ४४० मीटर, तर पूर्वेकडील सुमारे १९० मीटर लांबीचा होता. खांबांतील वार्षिक वलये मोजून संशोधकांनी बांधणीचा आरंभ ९६३-६४ च्या सुमारास ठरविला आहे. पुढे ९६६ मध्ये ड्यूक मिएश्कोने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पोलिश राष्ट्राचा आरंभ तेथूनच मानतात. त्याच दशकात स्पेनमधील तोर्तोसाचा प्रवासी इब्राहिम इब्न याकूब याने मिएश्कोच्या राज्याचे वर्णन केले. धान्य, मांस व मध यांची तेथे विपुलता आहे आणि करांच्या उत्पन्नातून सैनिकांना दरमहा वेतन मिळते, असे तो नोंदवितो. व्यापारी कुटुंबातील वाचकाला ही नोंद लढायांच्या वर्णनांहून अधिक बोलकी वाटेल.

भव्य प्रासादाच्या अपेक्षेने जाणाऱ्याची थोडी निराशा होते. राजवाडा व प्रार्थनामंदिर यांच्या दगडी भिंतींचे खालचे भागच शिल्लक आहेत. मंदिराच्या जमिनीतील दोन उथळ कुंडे बाप्तिस्म्यासाठी होती, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींना ते मान्य नाही.

१०३८ च्या सुमारास बोहेमियाच्या ब्रेटिस्लावने स्वारी केली. त्यानंतर बेटाचे वैभव ओसरले. पुढे राजनिवासाच्या जागी दफनभूमी झाली. तेथे दोन हजारांहून अधिक दफने सापडली आहेत. एकोणिसाव्या शतकात पोलंड नकाशावर स्वतंत्र देश म्हणून उरलाच नव्हता. हा भाग प्रशियाच्या सत्तेखाली होता. तेव्हा, १८५६ मध्ये, अल्बिन वेन्शेर्स्की या जमीनदाराने हे बेट विकत घेतले आणि अवशेषांना संरक्षण मिळाले. शासन पाठीशी नसताना एका खासगी खरेदीखताने राष्ट्राची आद्यभूमी राखली, ही गोष्ट विलक्षणच म्हणावी लागेल.

भिंती ढासळल्या, पण पाण्याने आपली ठेव सांभाळली. पाणबुड्यांनी पुलांच्या परिसरातून कुऱ्हाडी, भाले, तलवारी, शिरस्त्राण व साखळी-चिलखत वर काढले. १९६९ मध्ये स्थापन झालेले येथील संग्रहालय आता या साऱ्याचे जतन करते. पुलांच्या ओक खांबांचे बुंधे मात्र अजूनही तळाच्या गाळात रोवलेले आहेत.