‘आढळलं नाही’ आणि ‘नाही’: फार्मसीचा पदव्युत्तर अभ्यास नेमकं काय शिकवतो?

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानवाल्यांचं फार्मसीत काय काम? पण काम आहे. एखादी गोष्ट ‘नाही’ हे आपल्याला कशावरून कळतं, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न. औषधांच्या प्रयोगशाळेत तोच प्रश्न रोज उभा राहतो. बी.फार्म. झाल्यावर एम.फार्म. कशाला करायचं, आणखी दोन वर्षांत असं काय वेगळं शिकवतात, हे मुलंही विचारतात आणि पालकही. त्याचं उत्तर आज आपण या जुन्या प्रश्नाच्या वाटेनं शोधू.

आधी चौकट पाहून घेऊ. आपल्या देशात विद्यापीठातलं फार्मसीचं शिक्षण १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांच्या प्रयत्नांनी सुरू झालं. आज बी.फार्म. चार वर्षांचं आहे आणि त्यावर एम.फार्म. दोन वर्षांचं, म्हणजे चार सत्रांचं. त्यात शाखा असतात. औषधाला गोळी, सिरप, इंजेक्शन असं रूप देणं हा फार्मास्युटिक्सचा विषय. औषध शरीरात काय करतं, हे फार्माकॉलॉजीत शिकायचं. वनस्पतींतून आणि इतर नैसर्गिक स्रोतांतून मिळणारी औषधं फार्माकॉग्नसीत येतात. शिवाय फार्मास्युटिकल केमिस्ट्री आहे, अ‍ॅनालिसिस आणि क्वालिटी अ‍ॅश्युरन्स आहे. पहिलं वर्ष मुख्यतः वर्ग आणि प्रात्यक्षिकं यांत जातं. दुसऱ्या वर्षी भर संशोधनावर आणि प्रबंधावर असतो. अनेक मुलांना हा प्रबंध म्हणजे उरकून टाकायची औपचारिकता वाटते. आमच्या मते सगळ्या अभ्यासक्रमाचं मर्म त्यातच आहे. कसं, ते पाहू.

आपल्या दर्शनांत ‘अनुपलब्धी’ नावाचं एक प्रमाण आहे. कुमारिल भट्टांची मीमांसा आणि अद्वैत वेदान्त ते स्वतंत्र, सहावं प्रमाण मानतात. नैयायिक तसं मानत नाहीत. अभाव हा प्रत्यक्षानंच कळतो, असं ते म्हणतात. वाद मोठा आहे, त्यात आज शिरायला नको. पण एका अटीवर दोघांचंही एकमत आहे. समोर जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून ‘इथे घडा नाही’ असं आपण म्हणतो. हे कधी बरोबर? घडा असता तर तो नक्की दिसला असता, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. खोलीत मिट्ट काळोख असेल, तर घडा न दिसण्याला काही किंमत नाही. याला ‘योग्य अनुपलब्धी’ म्हणतात. म्हणजे ‘नाही’ म्हणायचा अधिकार दिवा लावून पाहणाऱ्यालाच असतो.

आता काळोखात पाहिलं की काय होतं, ते बघा. १९३७ साली अमेरिकेत एका कंपनीनं सल्फानिलामाइड हे औषध द्रवरूपात बाजारात आणलं. विरघळवण्यासाठी वापरलं डायएथिलीन ग्लायकॉल. हा पदार्थ रंगहीन, दाट आणि चवीला गोड. कंपनीनं चव, रंग आणि वास तपासला. विषारीपणा तपासलाच नाही. शंभराहून अधिक माणसं दगावली, त्यांत मुलं पुष्कळ होती. हा पदार्थ मूत्रपिंडं निकामी करतो. या प्रकरणानंतर, १९३८ मध्ये, अमेरिकेत कायदा आला: नवं औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचा पुरावा द्या.

मृत्यूंचं कारण नेमकं काय, मूळ औषध की द्रावक, हे प्राण्यांवर प्रयोग करून शोधण्यात शिकागो विद्यापीठातल्या प्राध्यापक गायलिंग यांच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा होता. त्या कामात फ्रान्सिस ओल्डहॅम नावाची एक विद्यार्थिनी होती. १९३८ मध्ये तिनं तिथेच फार्माकॉलॉजीत पीएच.डी. मिळवली. पुढे महायुद्धाच्या काळात मलेरियावरच्या औषधांचं काम करताना तिला सशांमध्ये एक गोष्ट दिसली. प्रौढ सशाचं यकृत क्विनीनचं विघटन करतं, पण गर्भातल्या पिलाला ते जमत नाही. म्हणजे आईला जे सोसतं, ते गर्भाला सोसेलच असं नाही.

हीच बाई लग्नानंतर फ्रान्सिस केल्सी. १९६० साली त्या अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्यात, एफडीएत, रुजू झाल्या आणि थोड्याच दिवसांत थॅलिडोमाइडच्या परवानगीचा अर्ज त्यांच्या टेबलावर आला. युरोपात हे औषध झोपेसाठी आणि गरोदर बायकांच्या मळमळीवर सर्रास विकलं जात होतं. कंपनीचा युक्तिवाद काय? अपाय आढळलेला नाही. केल्सीबाईंनी विचारलं, तुम्ही पाहिलंत कुठे? शरीरात ते किती शोषलं जातं? दीर्घकाळ घेतल्यावर नसांवर काय परिणाम होतो? गरोदरपणात ते सुरक्षित आहे याचा पुरावा काय? उत्तरं समाधानकारक येईनात. कंपनी पुन्हा पुन्हा तगादा लावत होती, बाई पुन्हा पुन्हा माहिती मागत होत्या. १९६१ च्या नोव्हेंबरात जर्मनीत हे औषध मागे घेतलं गेलं. तोवर जगभर हजारो मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली होती. परवानगी न मिळाल्यामुळे अमेरिकेत अशी मुलं फारच थोडी. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी केल्सीबाईंचा गौरव केला आणि त्याच वर्षी तिथला औषध कायदा आणखी कडक झाला.

लक्षात घ्या, थॅलिडोमाइडनं व्यंगं होतात हे केल्सीबाईंना तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की, समोर आलेलं ‘नाही’ काळोखातलं आहे. ही नजर त्यांना पदव्युत्तर अभ्यासानं आणि त्यानंतरच्या संशोधनानं दिली होती.

हे सगळं अमेरिकेतलं म्हणून सोडून देता येत नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल निघालं आणि १४ रुग्ण दगावले. चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. २०२२ मध्ये गांबियात सुमारे ७० मुलं गेली. भारतात तयार झालेल्या सिरपमध्ये तेच विष आढळल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेनं दिला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या औषधानं गेली. त्यांतल्या काहींनी नागपूरच्या दवाखान्यांत शेवटचा श्वास घेतला. १९३७ ते २०२५, पदार्थ तोच!

तो पकडणं इतकं अवघड आहे का? नाही. पण ग्लिसरीनही रंगहीन, दाट आणि गोडच असतं. डोळ्यांना आणि जिभेला फरक कळत नाही. ढोबळ चाचणीही फसू शकते. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी, घटक वेगवेगळे करून दाखवणारी पद्धत लागते. ग्लिसरीनमध्ये या पदार्थाची मर्यादा ०.१ टक्का धरली जाते. तुमची पद्धत एक टक्क्याच्या खालचं ओळखतच नसेल आणि तुम्ही अहवालात ‘आढळलं नाही’ असं लिहिलंत, तर ते वाक्य खरं असूनही निरुपयोगी ठरतं.

म्हणून अ‍ॅनालिसिसच्या विद्यार्थ्याला आधी पद्धतच तपासायला शिकवतात. शुद्ध नमुन्यात तो पदार्थ मुद्दाम, मोजून घालायचा आणि पद्धतीला तो सापडतो का ते बघायचं. किती कमी प्रमाणापर्यंत सापडतो? दुसऱ्याच एखाद्या घटकाला आपण तो समजत नाही ना? उद्या दुसऱ्या माणसानं केलं तरी तेच उत्तर येतं का? याला व्हॅलिडेशन म्हणतात. आमच्या भाषेत ही अनुपलब्धीची ‘योग्यता’ सिद्ध करणं झालं. घडा आधी आपणच ठेवायचा, आपल्या दिव्यात तो दिसतो याची खात्री करायची आणि मगच रिकाम्या जमिनीबद्दल बोलायचं.

आता प्रबंधाकडे परत या. मागच्या वर्षीच्या कुणाचे तरी आलेख घ्यायचे, आकडे थोडे इकडेतिकडे करायचे, बांधणी करून सादर करायचं, हे काही ठिकाणी चालतं. त्यावर पदवी मिळेलही. पण तोच मुलगा उद्या कारखान्यात कच्च्या मालाच्या पिंपावर सही करणार आहे. पुरवठादाराचं प्रमाणपत्र समोर असेल, माल घाईत पाठवायचा असेल, साहेब दारात उभे असतील. त्या क्षणी ‘मी अजून तपासलेलं नाही’ असं म्हणण्याची सवय त्याच्या अंगी असेल का? ती त्या दिवशी अचानक येत नाही. प्रयोग फसला तर फसला असं वहीत लिहिण्यातून, नको असलेला आकडाही न खोडण्यातून ती येते. दुसऱ्या वर्षाचं ते प्रयोगशाळेतलं काम याच्यासाठी आहे.

तेव्हा एम.फार्म.ला कुठे प्रवेश घ्यावा, असं कुणी विचारलं तर इमारत आणि नोकऱ्यांचे आकडे जरूर पाहा, पण आणखी एक करा. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा, तुमचा कुठला प्रयोग फसला आणि तेव्हा तुमच्या सरांनी काय सांगितलं? त्यांच्या उत्तरावरून तिथे दिवा लावतात की नाही, ते कळेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.